झारीतले शुक्राचार्य

वाचकहो, मिरचीच्या किंवा वांग्याच्या रोपांचा वाफा तुम्ही झारीने भिजवला असेलच. झारी हौदात बुडवून काठोकाठ भरून घ्यावी, वाफ्याशी येऊन वाकवावी, आणि तोटीतून पाणीच येऊ नये, असेही कधी तरी झाले असेल. झारी तर जड लागते. आत पाणी डुचमळताना ऐकू येते. रोपे समोर माना टाकून उभी आहेत. मग आपण झारी खाली ठेवतो, तोटीत बोट घालून पाहतो, आणि आतून निघते काय? एखादे कुजके पान, नाही तर मेलेला किडा. हौद भरला होता, झारी भरली होती, शिंपणारा हात तयार होता. अडले होते ते त्या बोटभर तोटीत.

आपल्या मराठीत एक वाक्प्रचार आहे, तो अगदी या तोटीतच जन्मला आहे. सरकारने योजना काढली, पैसा मंजूर झाला, यादीत नाव आले, आणि तरीही हातात काही पडले नाही, की पारावर बसलेला एखादा म्हातारा हमखास म्हणतो, "अहो, वरून सगळं येतंय, पण झारीत शुक्राचार्य बसलेत ना!" ऐकणारे हसतात. अर्थ सगळ्यांना कळतो. पण हे शुक्राचार्य कोण, ते झारीत कशाला शिरले, आणि शिरले तर त्यांचे पुढे काय झाले, हे विचारले तर नव्या पोरांना सांगता येत नाही. जुन्यांना कथा ठाऊक असते, पण तिच्यातली खरी खोच त्यांच्याही ध्यानात असतेच असे नाही. ती खोच आपण आज पाहू.

अर्थ काय?

देणाऱ्याची द्यायची तयारी आहे, घेणारा हात पसरून उभा आहे, देण्याची वस्तूही हजर आहे. अशा वेळी मधल्या मध्ये गुपचूप बसून जो ते देणे अडवतो, त्याला 'झारीतले शुक्राचार्य' म्हणतात. या तीन गोष्टी असल्याशिवाय हा शब्द शोभत नाही. देणाऱ्यालाच द्यायचे नसेल तर तो कंजूस. वस्तूच नसेल तर ती टंचाई. उघड उभा राहून 'देऊ नका' म्हणत असेल तर तो विरोधक. शुक्राचार्य मात्र दिसत नाही. तो तोटीत असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की झारीच रिकामी आहे.

याच घराण्यातला दुसरा शब्द म्हणजे 'कळीचा नारद'. दोघेही पुराणातले, पण दोघांचे काम वेगळे. नारद इकडचे तिकडे सांगून भांडण लावतो. शुक्राचार्य कोणाला काही सांगत नाही. तो फक्त बसून राहतो, आणि काम होत नाही.

आता ही कथा कोठून आली, ते ऐका.

बळीराजाच्या यज्ञात

कथा आपल्याच बळीराजाची आहे. दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, आपल्या मायबहिणी ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणतात, तोच हा बळी. हिरण्यकश्यपूचा पोर प्रल्हाद, प्रल्हादाचा विरोचन, आणि विरोचनाचा हा बळी. राजा मोठा पराक्रमी. त्याने इंद्राला हरवून स्वर्गसुद्धा जिंकून घेतला. पण त्याहून मोठा त्याचा लौकिक दानशूरपणाचा. त्याच्या दारात आलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला, असे कधी झाले नाही.

भागवताच्या आठव्या स्कंधात ही कथा विस्ताराने आली आहे. बळीचा यज्ञ चालला होता तो नर्मदेच्या उत्तर तीरावर, भृगुकच्छ नावाच्या ठिकाणी. आजचे गुजरातेतले भडोच ते हेच. शुक्राचार्य भृगूच्या वंशातले, असुरांचे कुलगुरू. मेलेल्याला जिवंत करणारी संजीवनी विद्या त्यांच्यापाशी होती. पहाटे पाणी धरायला निघालो की कधी पूर्वेला जी ठळक चांदणी दिसते, तिलाही आपण शुक्राचेच नाव दिले आहे. सांगायचे एवढेच, की शुक्राचार्य म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हता. फार मोठा विद्वान, आणि राजाचा खरा हितचिंतक.

तर त्या यज्ञमंडपात एक ठेंगणा बटू आला. हातात छत्री, दंड, कमंडलू. कश्यप आणि अदितीच्या पोटी वामनरूपाने जन्मलेला तो विष्णू. बळीने उठून त्याचे पाय धुतले आणि म्हणाला, "महाराज, काय हवे ते मागा. गाई मागा, सोने मागा, गावे मागा." बटू म्हणाला, "मला फक्त तीन पावले जमीन पुरे. माझ्या पावलांनी मोजून." बळीला हसू आले. एवढ्या मोठ्या राजाकडे येऊन मागावे ते तीन पावले!

पण शुक्राचार्यांना हसू आले नाही. त्यांनी ओळखले, की हा बटू नव्हे, हा विष्णू आहे. दोन पावलांत हा पृथ्वी आणि स्वर्ग व्यापील, आणि तिसरे पाऊल ठेवायला जागा उरणार नाही. राजाचा सर्वनाश होणार. त्यांनी बळीला सांगितले, दान देऊ नकोस. बळीने ऐकले नाही. तो संकल्प सोडायला बसला. हातात झारी घेतली. बटूने ओंजळ पुढे केली.

आणि मग, आपल्याकडे कीर्तनात सांगतात तसे, शुक्राचार्यांनी अगदी सूक्ष्म रूप घेतले आणि ते झारीच्या तोटीत जाऊन बसले. राजा झारी वाकवतो, पाणी काही येत नाही. सगळा मंडप खोळंबला. वामनाच्या ध्यानात आले. त्याने जवळची दर्भाची एक काडी उचलली आणि तोटीत खुपसली. ती आत बसलेल्या शुक्राचार्यांच्या डोळ्यात गेली. डोळा फुटला, गुरू बाहेर पडले, पाण्याची धार लागली आणि दान पुरे झाले. तेव्हापासून शुक्राचार्य एकाक्ष. एका डोळ्याने अधू असलेल्या माणसाला मागे लोक 'शुक्राचार्य' म्हणून चिडवत, ते यावरूनच. कोणाच्या व्यंगाला असे हसणे वाईटच, पण शब्दाचा उगम कळावा म्हणून सांगितले.

पुढचे सर्वांना माहीत आहे. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग संपले, आणि तिसऱ्या पावलासाठी बळीने आपले डोके पुढे केले.

पाणी अडले तर दान का अडते?

इथे एखादा चौकस पोरगा विचारील, "बळी तोंडाने 'दिले' म्हणाला होता ना? मग पाणी पडले काय, न पडले काय?"

प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर जुन्या चालीरीतीत आहे. पूर्वी लेखी खरेदीखत, मुद्रांक, सातबारा असे काही नव्हते. दान पक्के झाले कधी, तर देणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातावर पाणी सोडले की. तोपर्यंत ते नुसते बोलणे. पाणी पडले की वस्तूवरचा आपला हक्क संपला, ती दुसऱ्याची झाली. भागवतातसुद्धा बळीने ही जमीन 'उदकपूर्वक' दिली, असाच शब्द आहे. उदक म्हणजे पाणी.

ही नुसती पोथीतली गोष्ट नाही. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी विदर्भात वाकाटक राजे राज्य करीत होते. त्यांनी गावे आणि जमिनी दान दिल्याचे तांब्याचे पत्रे, म्हणजे ताम्रपट, सापडले आहेत. त्यांतही दान पाणी सोडून दिल्याचा उल्लेख येतो. आजही कन्यादानात हातावर पाण्याची धार धरतात, ती याच रिवाजाची खूण.

आणि आपली रोजची भाषा पाहा. बुडीत गेलेल्या उसनवारीबद्दल आपण म्हणतो, "त्या पैशावर मी पाणी सोडले." म्हणजे ते आता माझे नाहीत, त्यांची आशा मी सोडली. 'उदक सोडणे' हाही त्याचाच भाऊ. तसेच 'घरादारावर तुळशीपत्र ठेवणे'. दान देताना वस्तूवर तुळशीचे पान ठेवून पाणी सोडत, त्यावरून तो आला. दान देण्याची एक रीत, पण तिने आपल्या भाषेला किती शब्द दिले!

म्हणून शुक्राचार्यांनी नेमकी तोटी गाठली. राजाचे मन वळेना, बटू हटेना, मग त्यांनी ती धारच अडवली. आजच्या भाषेत सांगायचे तर सगळे ठरले होते, फक्त सही व्हायची राहिली होती, आणि हे महाशय लेखणीच्या टोकावर जाऊन बसले.

पोथीत काय आहे?

वाचकहो, आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून काहींना नवल वाटेल. झारीत शिरण्याचा हा प्रसंग भागवतातल्या मूळ कथेत नाही. तिथे शुक्राचार्य झारीत शिरत नाहीत आणि त्यांचा डोळाही फुटत नाही. तिथे राणी विंध्यावली सोन्याचा कलश भरून पाणी आणते आणि राजा बटूचे पाय धुतो. झारी, तोटी आणि दर्भाची काडी ही भागवताबाहेरच्या कथेतली. कीर्तनांतून, आजीच्या गोष्टींतून ती घरोघर पोचली आणि वाक्प्रचार होऊन बसली.

मग भागवतातले शुक्राचार्य करतात काय? ते राजाला भर मंडपात, तोंडावर, स्पष्ट सल्ला देतात. आणि तो सल्ला कुणाही कुटुंबवत्सल शेतकऱ्याला पटावा असा आहे. ते म्हणतात, माणसाने आपल्या मिळकतीचे पाच भाग करावेत. एक धर्मासाठी, एक लौकिकासाठी, एक पुन्हा मिळकत वाढवण्यासाठी, एक आपल्या सुखासाठी आणि एक आपल्या माणसांसाठी. सगळे उचलून देऊन टाकलेस तर तू जगशील कशावर? ज्या दानाने आपले पोटच तुटते, ते दान चांगले नव्हे. आणि जीव किंवा पोट धोक्यात असेल तर दिलेला शब्द फिरवला म्हणून मोठासा दोष लागत नाही.

सांगा बरे, यात वाईट काय आहे? बी-भरणाला पैसा ठेव, पोराबाळांना ठेव, उरले तर दान कर. आपला एखादा शहाणा मामा याहून वेगळे काय सांगेल?

बळीने ते शांतपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "गुरुजी, तुमचे खरे आहे. पण मी प्रल्हादाचा नातू. 'देतो' म्हणून बसलो, आता पैशाच्या लोभाने 'नाही' कसे म्हणू? पृथ्वी सगळ्यांचा भार सोसते, पण खोटे बोलणाऱ्याचा तिला सोसत नाही." गुरू रागावले. त्यांनी शापही दिला, की तुझे वैभव जाईल. तरी बळीने दान दिले.

शुक्राचार्य चुकले कुठे?

इथे एक गंमत आहे. आपण शेतकरी स्वतःला बळीराजाची लेकरे म्हणवतो. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' या पुस्तकात बळीला रयतेचा न्यायी राजा म्हणून मांडले आणि वामनाला कपटी परका ठरवले. तिकडे केरळात ओणमच्या सणाला लोक महाबळीचीच वाट पाहतात. तो वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटायला येतो, अशी त्यांची श्रद्धा. म्हणजे लोकांचे मन बळीच्या बाजूने आहे.

(जाता जाता सांगतो, 'बळी तो कान पिळी' या म्हणीतला बळी हा आपला राजा नव्हे. तिथे बळी म्हणजे ज्याच्या अंगात बळ आहे तो. दोन्हींची गल्लत करू नये.)

मग बळीच्या बाजूने पाहिले तर शुक्राचार्य कोण ठरतात? राजाचे राज्य वाचवायला धडपडणारा एकटा माणूस! त्यांनी धोका बरोबर ओळखला होता. त्यांनी सांगितले तसेच पुढे घडले. स्वतःचा डोळा गमावला, तोही राजाच्या हितासाठी. तरी भाषेने त्यांच्या नावाची शिवी का केली?

पुष्कळ वर्षे मला हे कोडे सुटत नव्हते. सुटले ते असे: शुक्राचार्य मंडपात उभे राहून बोलले, तोवर ते गुरू होते. झारीत शिरले आणि शिवी झाले. माणूस तोच, हेतू तोच, धोकाही खराच. फरक फक्त जागेचा. उघड्यावर सांगितला तो सल्ला. धन्याने 'नाही' म्हटल्यावर त्याच्या नकळत त्याचा हात अडवला, तो दगा. द्यायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क ज्याची वस्तू त्याचा. गुरू झाला तरी त्याने तो हक्क चोरायचा नाही.

आमच्या घरची गोष्ट

ही गोष्ट मला पोथीतून कळली नाही. ती आमच्या विहिरीवर कळली. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा विशीतला. आमच्या विहिरीला पाणी बऱ्यापैकी असे. खालच्या अंगाला आमच्याच भावकीतल्या एका तात्यांचे रान होते. त्या साली पाऊस लवकर उघडला आणि त्यांची विहीर पौषातच तळाला गेली. रानात हरभरा उभा, घाटे भरायला लागलेला. हरभऱ्याला त्या वेळी एक पाणी मिळाले तर दाणा भरतो, न मिळाले तर घाटे पोचट राहतात, हे तुम्हाला सांगायला नको.

तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसले. आमच्या आबांनी फार बोलू दिले नाही. म्हणाले, "एक पाणी आमच्या हिरीचं घ्या. पोरगा उद्या चारी काढून देईल." तात्या काही बोलले नाहीत. नुसते हात जोडून गेले.

तो पोरगा म्हणजे मी. माझ्या मनात ते बसले नाही. आपला गहू अजून दोन पाण्यांचा होता, आणि आबांनी मला विचारलेही नव्हते. पण आबांपुढे 'नको' म्हणायची माझी छाती झाली नाही. मी मुंडी हलवली. दुसऱ्या दिवशी म्हणालो, कुदळीचा दांडा मोडलाय. तिसऱ्या दिवशी म्हणालो, मोटार गरम होतेय. मग म्हणालो, लाइट रात्रीची आहे, आठवडा बदलला की देतो. तात्यांची कारभारीण रोज बांधावर येऊन चारीच्या जागेकडे पाहून जाई. मला दिसत असे. मी दुसरीकडे पाहत असे. दहा दिवस असे काढले. अकराव्या दिवशी चारी काढली तेव्हा हरभरा पिवळा पडून गेला होता. पाणी दिले, पण ते वाळक्या काड्यांना.

आबा संध्याकाळी रानातून फिरून आले. माझ्यावर ओरडले नाहीत. हातपाय धुतले, जेवायला बसले, आणि ताटाकडे बघत एवढेच म्हणाले, "शब्द माझा व्हता. तू झारीत बसलास व्हय रं?"

घास माझ्या घशाखाली उतरला नाही. मी म्हणालो, "आबा, आपला गहू..."

"मग तवाच म्हनायचं," आबा म्हणाले. "ओट्यावर तात्या बसलं व्हतं तवा. मी ऐकलं असतं, न्हाईतर न्हाई. पर त्यांनी दुसरीकडं तरी हात पसरला असता. तुझ्यापायी माणूस आपल्या भरवशावर बसून ऱ्हायला."

वाचकहो, या शेवटच्या वाक्यात सगळे आले. उघड नकार मिळालेला माणूस दुसरा दरवाजा ठोठावतो. तोटीत अडकलेल्या पाण्याची वाट पाहणारा तिथेच उभा राहतो आणि त्याचे पीक वाळते. म्हणून नाही म्हणणाऱ्यापेक्षा झारीतला शुक्राचार्य जास्त नुकसान करतो. पुढच्या साली आबांनी आमच्या खळ्यावरची दोन पोती तात्यांकडे पोचती केली. वाहून न्यायला मलाच लावले.

कोणाला म्हणावे, कोणाला म्हणू नये

हा शब्द फार धारदार आहे. तो जपून वापरावा.

ग्रामसभेत उभा राहून जो म्हणतो, "हा रस्ता माझ्या बांधावरून नको, माझे नुकसान होते," तो शुक्राचार्य नव्हे. तो आपला हक्क बजावतो आहे. तलाठी म्हणतो, "संगणक आज चालत नाही," आणि तो खरोखरच बंद असेल, तर तोही शुक्राचार्य नव्हे. कागद अपुरा म्हणून अर्ज परत करणारा कारकून, काय कमी आहे ते लिहून देत असेल, तर त्याला तर हे नाव मुळीच देऊ नये.

पण कागद पुरे आहेत, मंजुरी आहे, तरी 'बघू, पुढच्या आठवड्यात या' म्हणत जो फायलीवर बसून राहतो, तो खरा. सोसायटीत आलेले खत वाटपाआधीच कोठे तरी वळवणारा, तो खरा. 1985 साली त्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी म्हणाले होते, की सरकार एक रुपया खर्च करते तेव्हा गरिबापर्यंत पंधरा पैसे पोचतात. उरलेले पंच्याऐंशी पैसे अडतात ती ही तोटी.

आणि फक्त कचेरीकडेच बोट दाखवू नका. झाऱ्या घरातही असतात. बापाने 'पोरीला पुढे शिकवायचे' म्हटले, आणि थोरल्या भावाने प्रवेशाची तारीख मुद्दाम जाऊ दिली. म्हातारीने लेकीला दागिना द्यायला सुनेच्या हाती दिला, आणि तो ट्रंकेतच राहिला. 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क दिला, पण भाऊ म्हणतो, "कागद करतोय, वकील भेटत नाही," आणि वर्षे जातात. या सगळ्या ठिकाणी कोणी 'नाही' म्हणालेले नसते. सगळे गोड बोलत असतात. पाणी तेवढे येत नसते.

दर्भाची काडी

मग करावे काय? त्याचेही उत्तर कथेतच आहे. वामनाने झारी आपटून फोडली नाही. राजावर संतापला नाही. यज्ञमंडप पेटवला नाही. पाणी कुठे अडले आहे ते त्याने नेमके पाहिले, आणि तिथे एक साधी काडी घातली. ठिबकचे भोक क्षाराने बुजले म्हणून आपण रानातल्या सगळ्या नळ्या उपटून टाकत नाही. आम्लाची प्रक्रिया करून तेवढा क्षार काढतो. तसेच हे.

सरकारी कामात अशी काडी म्हणजे लेखी अर्ज आणि त्याची पोच. तोंडी चौकशीला 'बघू' हे उत्तर मिळते. लेखी अर्जावर तारीख आणि शिक्का पडतो. 2005 चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. त्याखाली 'माझा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे, किती दिवस आहे' एवढेच विचारता येते, आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्काचा कायदाही आहे. त्यात कोणती सेवा किती दिवसांत द्यायची ते ठरवून दिले आहे, आणि मुदतीत न दिल्यास वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. या काड्या लहान दिसतात. पण तोटीत काडीच जाते, पहार जात नाही.

घरातली काडी याहून सोपी आहे. चारचौघांत, गोडीने, सरळ विचारायचे: "देणार आहात का, नाही? नसेल तर तसे सांगा." एवढ्या प्रश्नानेच पुष्कळ शुक्राचार्य बाहेर येतात.

शेवटी त्या गुरूंबद्दल एक सांगून संपवतो. भागवतात बळीचे सर्वस्व गेल्यावर विष्णू शुक्राचार्यांकडे वळतो आणि म्हणतो, तुमच्या शिष्याचा यज्ञ अपुरा राहिला आहे, त्यातले उणे तुम्हीच भरून काढा. आणि शुक्राचार्य ते काम नीट पार पाडतात. विरोध केला, शाप दिला, तरी यज्ञ पुरा करायला पुन्हा तेच. कथेने त्यांना कायमचे बाहेर काढलेले नाही.

आमच्या आबांनीही मला ते पोते वाहायला लावले, ते यासाठीच असावे. येत्या पाडव्याला 'बळीचे राज्य येवो' म्हणाल, तेव्हा क्षणभर मनाला विचारून पाहा: कोणाच्या ओंजळीत पडायचे पाणी माझ्यापाशी तर अडलेले नाही ना? अडले असेल, तर काडी टोचायची वाट पाहू नका. आपण होऊन बाहेर या. डोळा तरी शाबूत राहील.